मनगटाची तिरकी चाल

पंचमीच्या आधीच्या आठवड्यात भालकीच्या बाजारात मणियाराच्या दुकानापुढे उभं राहायला जागा नसते. मणियार बाईचा हात हातात घेतो, "हात ढीला छोडो, अक्का" म्हणतो आणि अंगठा तळहातात दुमडतो. अंगठ्याच्या बुडाशी असलेला मांसल उंचवटा दाबून चपटा करतो. मग काचेची बांगडी बोटांच्या मुळाशी असलेल्या गाठींवरून अशी सरकवतो, की बाईच्या तोंडून 'स्स' निघेपर्यंत ती पलीकडे गेलेली असते. तिथून ती सैल होते आणि मनगटावर येऊन थांबते. बाई म्हणते मनगट, तिच्याबरोबर आलेली शेजारीण कन्नडमध्ये म्हणते मणिकट्टु आणि मणियार दखनीत म्हणतो कलाई.

कन्नडमध्ये कट्टु म्हणजे बांधणं. म्हणजे मणिकट्टु आणि संस्कृतातला मणिबंध हे दोन्ही शब्द अर्थाने एकच: मणी बांधायची जागा. सुश्रुताने शरीरातली १०७ मर्मं मोजली, त्यांत मणिबंध 'रुजाकर' गटात घातलं. तिथं मार बसला तर जीव जात नाही, पण वेदना पाठ सोडत नाही. या गटात त्याने आठच मर्मं धरली आहेत: दोन घोटे, दोन मनगटं आणि चार कूर्चशिरं. बीदर आणि कलबुर्गीच्या सीमेवरच्या गावांत फिजिओथेरपीचं काम करताना मला ही यादी वारंवार आठवते. घोटा आणि मनगट, माझ्याकडे येणाऱ्यांच्या तक्रारींत ही जोडी आजही वरच्या क्रमांकावर असते.

मणियाराला एक गोष्ट पक्की माहीत असते. बांगडीचं माप मनगटावर ठरत नाही, पंजावर ठरतं. दोन-चार, दोन-सहा, दोन-आठ या मापांतला पहिला आकडा इंचांचा आणि दुसरा इंचाच्या सोळाव्या भागांचा. पंजा रुंद, मनगट अरुंद. या अरुंद जागेत आठ हाडं आहेत, आणि ती हलतात कशी या प्रश्नावर गेली सव्वाशे वर्षं वाद चालू आहे. वादाचा आढावा घेण्याआधी माझं म्हणणं सांगून टाकते. दवाखान्यात आम्ही मनगट सरळ रेषांत मोजतो: वर, खाली, अंगठ्याकडे, करंगळीकडे. कामाला लागलेलं मनगट तिरकं चालतं. संशोधन त्या तिरक्या रेषेपर्यंत कधीच पोचलं आहे. आमच्या नोंदवहीत मात्र अजून तेच चार सरळ आकडे असतात.

आधी हाडं. कोपरापासून दोन लांब हाडं खाली येतात, अंगठ्याच्या बाजूची रेडियस आणि करंगळीच्या बाजूची अल्ना. त्यांच्यापुढे आठ छोटी हाडं दोन ओळींत बसलेली आहेत. आतल्या ओळीत होडीच्या आकाराचं स्कॅफॉइड, चंद्रकोरीसारखं ल्युनेट, तीन कोपऱ्यांचं ट्रायक्वेट्रम आणि त्याच्यावर वाटाण्याएवढं पिसिफॉर्म. बाहेरच्या ओळीत ट्रॅपिझियम, ट्रॅपिझॉइड, सगळ्यांत मोठं कॅपिटेट आणि आकडा फुटलेलं हॅमेट. तळहात वर करून करंगळीच्या बाजूला, मनगटाच्या घडीवर बोट दाबा. जो टणक वाटाणा लागतो तो पिसिफॉर्म. आता अंगठा ताणून वर उचला. त्याच्या मुळाशी दोन ताठ दोऱ्यांमध्ये एक खळगा पडतो. युरोपात तपकिरीची चिमूट तिथं ठेवून ओढत, म्हणून त्याला तपकिरीची डबी असं नाव पडलं. त्या खळग्याच्या तळाशी स्कॅफॉइड आहे. मणियार अंगठा आत दुमडतो तेव्हा ट्रॅपिझियमच्या खोगिरासारख्या पृष्ठभागावर अंगठ्याचं हाड घसरवत असतो. अंगठा इतका आत जाऊ शकतो तो त्या खोगिरामुळे.

एक साधा प्रयोग करून पाहा. मनगट पूर्ण खाली वाकवा आणि त्याच स्थितीत घट्ट मूठ वळायचा प्रयत्न करा. मूठ वळत नाही. बोटं मिटवणारे स्नायू कोपराजवळ आहेत आणि त्यांच्या दोऱ्या मनगटावरून बोटांत जातात. मनगट खाली वाकलं की त्या दोऱ्या सैल पडतात आणि मागच्या बाजूच्या ताणल्या जातात. आता मनगट थोडं मागे झुकवा, मूठ आपोआप घट्ट होते. पकडीचा जोर सर्वाधिक असतो तो मनगट साधारण ३५ अंश मागे आणि किंचित करंगळीकडे झुकलेलं असताना. विळा धरलेल्या, पोहरा ओढणाऱ्या किंवा बैलाचा कासरा ताणलेल्या माणसाच्या मनगटाकडे बघा, हाच कोन दिसेल. मराठीत आपण मनगटातला जोर म्हणतो. खरं तर जोर असतो कोपराखालच्या स्नायूंत. मनगट त्या जोराला योग्य कोन देतं, आणि कोन चुकला की तो जोर वाया जातो.

आता मूळ प्रश्नाकडे येते. मनगट चालवणारे मुख्य स्नायू त्यांच्या दोऱ्या थेट पंजाच्या लांब हाडांना बांधतात. आतल्या ओळीतल्या तीन मोठ्या हाडांना, म्हणजे स्कॅफॉइड, ल्युनेट आणि ट्रायक्वेट्रमला, एकाही स्नायूची दोरी बांधलेली नाही. पिसिफॉर्मला एक आहे, पण ते हाड ट्रायक्वेट्रमच्या तळव्याकडच्या बाजूवर बसलेलं, सांध्याच्या मुख्य रांगेबाहेरचं. म्हणजे आतली ओळ स्वतःहून हलूच शकत नाही. पुढून पंजा ढकलतो, मागून रेडियसचा उतार अडवतो, बाजूंनी अस्थिबंध ओढतात आणि या ओढाताणीत ती आपली जागा घेते. शरीरात इतक्या कामाचा आणि इतका परावलंबी सांधा मला दुसरा माहीत नाही.

क्ष-किरणांच्या आधी हे सगळं मृत शरीरावर अभ्यासायचं होतं, आणि मृत हाताचं मनगट जिवंत मनगटासारखं चालत नाही. रोंटगेन यांनी पत्नीच्या हाताचं छायाचित्र काढलं २२ डिसेंबर १८९५ रोजी. दुसऱ्याच वर्षी, १८९६ मध्ये, स्कॉटलंडचे शरीररचनातज्ज्ञ थॉमस ब्राइस यांनी जिवंत हाताच्या क्ष-किरण छायाचित्रांवरून मनगटाच्या हालचालीवर निबंध लिहिला. नवं साधन हाती आल्याआल्या जे प्रश्न विचारले गेले त्यांत मनगट होतं, हे मला महत्त्वाचं वाटतं. पुढे १९०७ मध्ये जॉन्स्टन यांनी दोन ओळींचा विचार पुढे नेला: आतली ओळ एक तुकडा, बाहेरची दुसरा आणि हालचाल दोन्हींच्या फटीत वाटलेली. १९२१ मध्ये उरुग्वेचे शल्यविशारद नवारो यांनी हीच हाडं उभी वाचली: मधला खांब वाकायचा, अंगठ्याकडचा खांब पेलायचा, करंगळीकडचा खांब फिरायचा. १९७६ मध्ये टॅलेस्निक यांनी या खांबांची रचना बदलून मांडली. नंतर कोणी दोन्ही ओळींचं मिळून एक कडं मानलं.

माझ्या मते या वादातलं सर्वांत उपयोगी पाऊल १९७२ चं. मेयो क्लिनिकमधल्या लिनशाइड, डॉबिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मनगट अस्थिर कसं होतं याची नीट मांडणी केली. ल्युनेटच्या एका बाजूला स्कॅफॉइड आहे, त्याचा कल पुढे लवण्याकडे. दुसऱ्या बाजूला ट्रायक्वेट्रम, त्याचा कल मागे झुकण्याकडे. दोघांनी विरुद्ध ओढल्यामुळे ल्युनेट मध्ये सरळ राहतं. स्कॅफॉइडकडचा अस्थिबंध तुटला तर ल्युनेट मागे कलंडतं, दुसरीकडचा तुटला तर पुढे. क्ष-किरण चित्रात हाडं मोडलेली दिसत नाहीत, पण मनगट बिघडलेलं असतं. दुर्लक्ष झालं तर कास्थी झिजत जाते आणि काही वर्षांत सांधा कायमचा दुखरा होतो. १९९५ मध्ये क्रेगेन आणि स्टॅनली यांनी निरोगी मनगटं तपासली. काहींचं स्कॅफॉइड ओळीसारखं वागत होतं, काहींचं खांबासारखं, आणि स्त्री-पुरुषांतही फरक होता. दोन्ही पक्ष आपापल्या ठिकाणी बरोबर निघाले, कारण ते वेगवेगळी मनगटं बघत होते.

आता ती तिरकी रेषा. हातोडी उगारा. मनगट मागे झुकतं आणि त्याच वेळी अंगठ्याच्या बाजूला वळतं. हातोडी मारा. ते पुढे येतं आणि करंगळीच्या बाजूला जातं. इंग्रजीत या चालीला बाण फेकणाऱ्याचं नाव दिलं आहे, भिंतीवरच्या चकतीला टोचायचा छोटा बाण. आपल्याकडे तो खेळ कुणी खेळत नाही, पण ही चाल घरोघरी आहे. विळ्याचा, कोयत्याचा, कुऱ्हाडीचा फटका, गोफणीचा झटका, विटीवरचा दांडूचा टोला, पाणी शिंपडणारा हात. ऊसतोडीच्या हंगामात बीदर जिल्ह्यातल्या फडात एक दिवस उभं राहिलं, तर ही तिरकी चाल डोळ्यांपुढून जात राहते.

या चालीची गंमत तिच्या गणितात आहे. मनगट मागे झुकलं की स्कॅफॉइडही मागे झुकायला बघतं. मनगट अंगठ्याकडे वळलं की तेच स्कॅफॉइड पुढे लवायला बघतं, कारण बाहेरच्या ओळीने त्याची जागा खाल्लेली असते. दोन्ही हुकूम एकदम आले की एकमेकांना काटतात आणि स्कॅफॉइड जवळजवळ जागेवर राहतं. परतीच्या फटक्यातही तसंच. मग बहुतेक हालचाल दोन ओळींमधल्या फटीत होते, आणि आतली ओळ रेडियसवर पायरीसारखी स्थिर बसते. २००५ मध्ये क्रिस्को आणि सहकाऱ्यांनी जिवंत मनगटांच्या सीटी स्कॅनवरून हे दाखवलं. २०१० मध्ये हातोडीच्या कामाचा तसाच अभ्यास झाला आणि हातोडीही याच वाटेने जाते असं दिसलं. तिथं आतली ओळ अगदी निश्चल नसते, थोडी हलते, एवढं लक्षात ठेवावं.

पहिल्यांदा हे वाचलं आणि मी बीदरला बिदरीच्या कारागिरांकडे जाऊन बसले. चौबाऱ्याच्या आसपासच्या गल्ल्यांत अजून हे काम चालतं. जस्त आणि तांबं साधारण सोळाला एक या प्रमाणात वितळवून साच्यात भांडं ओततात, कानशीने घासतात आणि मोरचूद लावून तात्पुरतं काळं करतात, म्हणजे त्यावर ओढलेली नक्षी दिसते. मग कोरीवकाम, मग चांदीची तार किंवा पत्रा खाचेत ठोकून बसवणं, मग घासाई. शेवटी किल्ल्यातली माती नवसागरात कालवून भांड्याला लावतात. धातू कायमचा काळा होतो, चांदी पांढरी राहते. २००६ मध्ये बिदरीला भौगोलिक मानांकन मिळालं, २०२३ मध्ये इथले कारागीर शाह रशीद अहमद कादरी यांना पद्मश्री. मातीचं कौतुक सगळ्यांनी ऐकलेलं असतं. मी मात्र हात बघायला गेले होते.

राळ-मेणात घट्ट बसवलेला एक छोटा हुक्क्याचा तळ समोर होता. कारागिराच्या डाव्या हातात बारीक छिन्नी, उजव्या हातात हलकी हातोडी. डावं मनगट मागे झुकलेलं आणि तिथंच थिजलेलं. छिन्नीची दिशा तो बोटांनी बदलत होता, नक्षीतली वेल वळायची तेव्हा अंगठा आणि तर्जनी एखादं तीळभर फिरत. उजवं मनगट त्या तिरक्या रेषेत चालत होतं, पण किती थोडं. हातोडीचं डोकं दीड-दोन बोटं उचललं जाई आणि खाली येई. खांदा स्थिर, कोपर बरगडीला टेकलेलं. टक टक टक, आणि एका दमात आठ-दहा ठोके झाले की थांबा. त्या थांब्यात तो उजवी मूठ सोडून पुन्हा वळत असे. मी विचारलं, हात दुखत नाही? तो म्हणाला, हातोडीने मारणारा थकतो, तिला पडू देणारा थकत नाही. मग तारेची पाळी आली. केसाएवढी चांदीची तार डाव्या अंगठ्याच्या नखाने खाचेत दाबत न्यायची आणि मागोमाग हातोडीने बसवायची. इथं ठोका इतका हलका, की मनगट हललेलं डोळ्यांना दिसत नव्हतं. त्याने मला तळवा त्याच्या उजव्या हाताच्या पाठीवर ठेवू दिला तेव्हा दोऱ्यांची थरथर जाणवली.

दिवसभर हेच काम केल्यावर काय होतं, तेही तिथंच ऐकलं. डाव्या अंगठ्याच्या मुळाशी, रेडियसच्या टोकावर दुखणं. छिन्नी धरून ठेवणाऱ्या अंगठ्याच्या दोन दोऱ्या तिथं एका अरुंद म्यानातून जातात. म्यान सुजतं, दोऱ्या घासतात. स्वित्झर्लंडचे फ्रिट्झ द केर्वां यांनी १८९५ मध्ये हे दुखणं वर्णिलं, त्यांचंच नाव त्याला आहे. तान्हं बाळ काखेत हात घालून सारखं उचलणाऱ्या आयांनाही हेच होतं. अंगठा मुठीत धरून मनगट करंगळीकडे वळवलं आणि कळ आली, तर दुखणं बहुधा हेच. सुरुवातीला विश्रांती आणि अंगठ्याला आधार पुरतो. वर्ष काढलं तर पुरत नाही.

दुसरं दुखणं आतल्या बाजूचं. मनगटाच्या तळव्याकडे हाडांची एक नाली आहे, तिच्यावर जाड पट्टा ताणलेला. त्या बोगद्यातून बोटं मिटवणाऱ्या नऊ दोऱ्या आणि एक नस जाते. दोऱ्यांभोवती सूज आली की जागा नसल्यामुळे नस दबते. रात्री अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट बधिर होतं, माणूस उठून हात झटकतो, बरं वाटतं, पुन्हा झोपतो. आमच्याकडे बायका याला हाताला मुंग्या येणं म्हणतात आणि अशक्तपणा समजून वर्षानुवर्षं अंगावर काढतात. गरोदरपण, मधुमेह, थायरॉइडची उणीव ही नेहमीची कारणं. अंगठ्याच्या बुडाचा मांसल उंचवटा बसायला लागला असेल तर तो उशिराचा निरोप समजावा. मणियाराच्या हे लवकर लक्षात येत असणार, तो उंचवटा रोज त्याच्याच हाताखाली असतो.

भाकरीकडे वळते, कारण या दोन जिल्ह्यांतल्या मनगटांचं खरं रोजचं काम ते आहे. ज्वारीच्या पिठात गव्हासारखा चिकटपणा नाही, म्हणून आधणाच्या पाण्यात ते कालवून तळहाताच्या बुडाने रगडावं लागतं. हात सरळ, मनगट पूर्ण मागे, वरून शरीराचा भार. असा भार दिला की त्यातला साधारण ८० टक्के रेडियसवर आणि २० टक्के अल्नावर जातो, हे अमेरिकेतल्या पामर आणि वर्नर यांच्या मोजमापांतून आलेलं आहे. अल्ना थेट मनगटाच्या हाडांना टेकत नाही, मध्ये एक तिकोनी कास्थीची चकती असते. ज्यांची अल्ना रेडियसपेक्षा दोन-अडीच मिलिमीटर लांब, त्यांच्या अल्नावरचा भार सुमारे दुपटीवर जातो. अडीच मिलिमीटर म्हणजे भाकरीच्या जाडीपेक्षाही कमी. करंगळीच्या बाजूला, कडं बसतं तिथं दुखतं म्हणणाऱ्या बाईला मी आधी विचारते, पीठ मळताना दुखतं की भाकरी उलटताना? मळताना भार असतो, उलटताना पीळ.

पिळाबद्दल एक गैरसमज आहे. कोपर बरगडीला लावा आणि तळवा वर-खाली करा. मनगट फिरलंसं वाटतं, पण फिरते रेडियस, अल्नाच्या भोवती. एकूण फेरा दीडशे अंशांच्या वर. मनगट फक्त पंजा धरून सोबत जातं, आणि ती तिकोनी चकती दोन्ही हाडांना टोकाशी एकत्र ठेवते. थापताना मात्र मनगट स्वतः काम करतं. उजवा तळवा पिठावर पडतो, उठतो, आणि प्रत्येक थापेत बोटं करंगळीकडे किंचित ओढली जातात, म्हणून भाकरी परातीत आपोआप गरगर फिरते. थाप सरळ पडली असती तर भाकरी जागेवर राहिली असती आणि गोल झाली नसती. भाकरी गोल होते ती त्या तिरक्या ओढीने.

क्रिकेटमध्येही मनगटाचंच काम. १९५६ पर्यंत बीदर आणि गुलबर्गा (आजचं कलबुर्गी) हैदराबाद राज्यात होते, म्हणून हैदराबादच्या अझरुद्दीन आणि लक्ष्मण यांची मनगटी फलंदाजी आम्ही घरचीच मानतो. पण मला जास्त विचारात पाडतात ते कर्नाटकाचे फिरकी गोलंदाज भागवत चंद्रशेखर. लहानपणी पोलिओने उजवा हात वाळला, आणि त्याच हाताने त्यांनी कसोटीत २४२ बळी घेतले. १९७१ मध्ये ओव्हलवर ३८ धावांत सहा बळी, आणि भारताने इंग्लंडमध्ये पहिल्यांदा मालिका जिंकली.

ही तिरकी चाल माणसाची खास ओळख आहे का? २००६ मध्ये वुल्फ, क्रिस्को आणि सहकाऱ्यांनी हाच प्रश्न विचारला आणि फेकणं, ठोकणं या कामांशी मनगटाच्या उत्क्रांतीचा संबंध जोडला. याला बळ देणारी एक गोष्ट इंडोनेशियातून आली. फ्लोरेस बेटावर २००३ मध्ये बुटक्या मानवाचा सांगाडा सापडला. तो आपल्याच जातीचा आजारी माणूस की वेगळी जात, यावर मोठं भांडण झालं. २००७ मध्ये टोचेरी आणि सहकाऱ्यांनी त्याच्या मनगटाची तीन हाडं तपासली. त्यांतलं ट्रॅपिझॉइड आपल्यासारखं रुंद नव्हतं, पाचरीसारखं होतं, वानरांच्या वळणाचं. वेगळी जात मानणाऱ्यांची बाजू या हाडांनी भक्कम केली.

मनगटाची साक्ष आपल्याकडे कोर्टातही होते. जन्मतः या आठांतलं एकही हाड क्ष-किरणांत दिसत नाही, सगळी कास्थीची असतात. कॅपिटेट आणि हॅमेट पहिल्या काही महिन्यांत दिसू लागतात, पिसिफॉर्म सगळ्यांत शेवटी, नऊ ते बारा वर्षांच्या सुमाराला. म्हणून वय ठरवायला मनगटाचा फोटो काढतात, क्रिकेटमधल्या मुलांचाही. आमच्या भागात या चाचणीचं महत्त्व कळायला सरकारी शाळेची यादी उघडावी. शाळेत घालताना गुरुजींनी लिहिलेली १ जून ही जन्मतारीख वर्गच्या वर्गांना लागलेली असते. बाल न्याय कायदा, २०१५ आधी शाळेचा आणि जन्माचा दाखला मागतो आणि दोन्ही नसतील तरच हाडांकडे जातो. तो क्रम योग्य आहे, कारण हाडं दोन वर्षं इकडेतिकडे बोलतात, आणि मुलीच्या लग्नाचा प्रश्न असेल तेव्हा दोन वर्षं फार असतात.

आता पडण्याबद्दल. माणूस घसरतो तेव्हा हात पुढे टाकतो आणि सगळा भार मागे झुकलेल्या मनगटावर येतो. डब्लिनच्या अब्राहम कोलिस यांनी १८१४ मध्ये, क्ष-किरणांच्या ८१ वर्षं आधी, केवळ हाताने चाचपून रेडियसच्या टोकाचं हे मोडणं वर्णिलं. पन्नाशीनंतरच्या बायकांत ते सर्रास आढळतं. प्लास्टर, तारा, धातूची पट्टी असे उपाय आहेत. मुंबईचे डॉ. बी. बी. जोशी यांनी बनवलेली बाहेरून आधार देणारी चौकट, जिला सगळे जेस म्हणतात, तीही अशा मोडण्यात वापरतात आणि खर्चाला परवडते.

तरुणांत मोडतं ते स्कॅफॉइड, आणि तिथं फसगत होते. माझा आतेभाऊ औरादच्या रस्त्यावर मोटारसायकलवरून पडला. दवाखान्यात फोटो काढला, हाडं ठीक दिसली, मुरगळलंय म्हणून मलम देऊन परत पाठवलं. तपकिरीच्या खळग्यात बोट दाबून कुणी बघितलं नाही, दहा-चौदा दिवसांनी पुन्हा फोटो काढायला कुणी सांगितलं नाही. स्कॅफॉइडची चीर पहिल्या दिवशी पुष्कळदा दिसतच नाही. या हाडाला रक्त बाहेरच्या टोकाकडून आत येतं, उलट्या दिशेने. मध्ये मोडलं की आतला तुकडा उपाशी मरतो. दोन वर्षांनी तो माझ्याकडे आला तेव्हा मूठ वळत होती, विळा धरवत नव्हता. हाड दुखावलं की आमच्याकडे अनेकजण हाडवैद्याकडेही जातात. त्यांना मी सरसकट नावं ठेवत नाही. १९५६ मध्ये उदगीर, निलंगा, अहमदपूर राज्याच्या सीमेपलीकडे गेले आणि भालकी, औराद इकडे राहिले, तरी हाडवैद्याकडे जाणारी माणसं दोन्हीकडून येत राहिली, त्याला कारणं आहेत. पण आवळलेल्या पट्टीखाली बोटं थंड, निळी किंवा बधिर झाली तर ती पट्टी त्याच क्षणी सोडायची. सकाळची वाट बघायची नाही.

दोन वर्षांमागे श्रावणात माझी आई अंगणातल्या शहाबादी फरशीवर घसरली आणि उजवी रेडियस मोडली. सहा आठवड्यांनी प्लास्टर निघालं. जिथं उपचार झाले तिथं कोनमापक लावून चार आकडे लिहिले आणि ठीक आहे म्हणून सांगितलं. आकडे खरंच बरे होते. रोजची बहुतेक कामं ३० अंश मागे, ५ पुढे, १० अंगठ्याकडे आणि १५ करंगळीकडे एवढ्यात भागतात, असं पामर यांनी १९८५ मध्ये मोजलेलं आहे. नंतर १९९१ मध्ये र्यू आणि सहकाऱ्यांनी ४० अंशांची मागणी केली. आई दोन्ही मापांत बसत होती. घरी आल्यावर तिने परात ओढली, पीठ घेतलं, आणि भाकरी फिरेना. थाप पडत होती, ओढ येत नव्हती.

मग मी कोनमापक बाजूला ठेवलं. तिच्या हातात लाटणं दिलं आणि ते उगारून हळू खाली आणायला लावलं, मागे-अंगठ्याकडून पुढे-करंगळीकडे, दिवसातून चार वेळा, दुखेल त्याच्या आत. रेडियस अजून कोवळी होती, पण या वाटेने तिच्यावर कमी ताण येत होता. नोंदवहीत चार आकड्यांखाली पाचवी ओळ घातली आणि तिला 'तिरकी' असं नाव दिलं. तेव्हापासून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक मनगटाची ती ओळ मी भरते. कारागिराला हातोडी देते, ऊसतोड्याला कोयत्याची मूठ, बाईला परात. चार आठवड्यांनी आईची भाकरी परातीत अर्धा फेरा फिरली, मग थांबली, मग पुन्हा फिरली. एका कडेला जाड राहिली होती. ती तव्यावर टाकताना तिने तळवा पूर्ण उलटा केला, आणि पुढच्या भाकरीचं पीठ ओढून घेतलं.